कोबीराजाचं वजन

ओलनबॉस्टल गावात माणसं दोनच प्रकारची: एक 'इथले' आणि दुसरे 'आलेले'. इथले म्हणजे ज्यांच्या आजोबांचं नाव चर्चच्या आवारातल्या दगडावर कोरलेलं आहे ते. आलेले म्हणजे उब्बो साथॉफ.

तसे आणखीही आले होते, पण ते कंटाळून निघून गेले. उब्बो टिकला. पंचवीसएक वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या फ्रीजियातून भाड्याच्या टेम्पोत बायको, दोन सायकली आणि चहाची किटली घालून तो हेदर नावाच्या बुटक्या झुडपांच्या या माळावर उतरला. गाडीने दोन तासांचा रस्ता. पण ओलनबॉस्टलच्या हिशेबाने तो परमुलखातून आला होता. "हा आमचा फ्रीजियन," अशी लोक त्याची ओळख करून देत. अगदी प्रेमाने. "हे आमचं मांजर" म्हणावं तितक्याच.

धंदा गाडी शिकवण्याचा. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाच्या हातात स्टिअरिंग त्यानेच दिलेलं. शिकवायच्या गाडीत त्याच्याही पायाखाली एक ब्रेक असे आणि तो तो सढळ पायाने वापरी. चर्चच्या मागच्या बोळात उलटी गाडी लावता आल्याशिवाय तो कोणालाही परीक्षेला बसू देत नसे. गाडी चालू असेतो सगळं गाव त्याचं निमूट ऐकायचं. गाडी बंद झाली की कुत्रं विचारत नसे. इतक्या वर्षांत ब्रेक त्याच्या अंगात असा मुरला होता की पाद्रीबुवा प्रवचनात सुसाट सुटले की बाकाखाली उब्बोचा उजवा पाय आपोआप दाबला जायचा. पाद्रीबुवांना लायसन्स त्यानेच मिळवून दिलेलं. ते खरोखर सावकाश व्हायचे.

अशा या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्याला कोबीराजा व्हायचं होतं.

कडाक्याची थंडी पडली की गावची चालणारी मंडळी माळ ओलांडून पलीकडच्या खानावळीत कोबी खायला जातात. हा कोबी म्हणजे गड्डा नव्हे. कुरळ्या काळपट पानांची भाजी. गारठा बसला की गोडावते, डुकराच्या चरबीत अर्धा दिवस रटरटली की तिचा रंग दलदलीसारखा होतो आणि तिच्या वासाने धडधाकट माणसं हळवी होतात. सोबत पिंकल नावाचं ओटांचं जाडजूड सॉसेज, मीठ लावलेलं मांस आणि बटाटे. जो सगळ्यात जास्त हाणेल तो कोबीराजा. त्याच्या गळ्यात डुकराच्या जबड्याचं हाड, खानावळीतल्या पितळी पाटीवर त्याचं नाव, आणि पुढच्या वर्षीच्या सहलीची सगळी उस्तवार त्याच्या डोक्यावर.

बाकीच्या गावांत राजा डोळ्यांच्या अंदाजाने ठरतो. ओलनबॉस्टलला असला गावठीपणा चालत नाही. इथे वजन होतं. निघताना एकदा, जेवल्यावर एकदा, कॉर्ट ल्यूर्सच्या आजोबांच्या बटाटे तोलायच्या काट्यावर. मंडळी माळ तुडवतात तोवर काटा ट्रॅक्टरवरून खानावळीत पोचतो. ज्याचं वजन जास्त वाढलं तो राजा. नियम अल्मूटबाईंचा. बाई म्हणजे गावच्या निवृत्त शिक्षिका. काटकुळ्या, ताठ, आणि अजूनही सगळ्या गावाला न्याहाळताना कोणी गृहपाठ केला नाही ते शोधणाऱ्या. "जे कपडे आधी, तेच नंतर," हा त्यांचाच दंडक. म्हणून जेवणानंतर सगळे पुन्हा कोट चढवून काट्यावर उभे राहायचे.

उब्बोचं वजन दरवर्षी सगळ्यांत जास्त वाढायचं. आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. पहिल्या वर्षी तो पाहुणा होता. मग त्याच्या बुटांना ओला चिखल होता. मग बाई म्हणाल्या, "फ्रीजियन माणूस चहा फार पितो. ते पाण्याचं वजन, कोबीचं नव्हे." पुढच्या वर्षी उब्बो तहानलेला राहून आला, तर कॉर्ट म्हणाला, "असा सुकून आल्यावर वजन वाढणारच की! याला काय खाणं म्हणतात?" आणि हाड दुसऱ्याच कोणाच्या तरी गळ्यात पडायचं. तो ल्यूर्स असायचा, नाहीतर पुटेनसेन. तो कपाळाला हात लावायचा, "नको रे, मी कसला राजा!" म्हणायचा, आणि उब्बोला वाटायचं, काय हा विनय!

यंदा मात्र प्रकरण घरापर्यंत आलं. त्याची बायको हाइल्के हिची थोरली बहीण तोम्मा, समुद्रकाठी बांधाच्या आडोशाला अर्धं घर रिकामं ठेवून बसली होती.

"उब्बो, जाऊ या आता परत," हाइल्के म्हणाली. "तुझे विद्यार्थी सगळे म्हातारे व्हायला लागले."

"एक हिवाळा थांब."

"कशाला?"

"या वेळी करतील मला राजा. बघच तू."

"आणि नाही केलं तर?"

उब्बोने चहात साखरेचा खडा टाकला, तो तडकल्याचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "नाही केलं, तर वसंतात सामान बांधू. शब्द देतो."

"दिलास हं. तोम्माला कळवून टाकते," म्हणत ती लगेच फोनकडे गेली. इतक्या लगेच, की उब्बोचा उजवा पाय टेबलाखाली दाबला गेला.

*

सहलीच्या दिवशी सकाळी ल्यूर्सच्या अंगणात धुकं असं बसलं होतं की काट्याजवळ उभा कॉर्ट नुसता आवाजासारखा वाटत होता. तो मावळता राजा, म्हणून वजन वाचायचा मान त्याचा.

"मॉइन, मॉइन, मंडळी! चला, बाई, तुम्ही पहिल्या."

अल्मूटबाई काट्यावर चढल्या. काटा कुरकुरला.

"अरे वा बाई, बाळसं धरलंय!"

"हाडं जड आहेत माझी," बाई म्हणाल्या आणि कोट सावरत फारच जपून खाली उतरल्या.

मागोमाग बेकरीवाला हार्म पुटेनसेन. तो चालताना खण्‌ खण्‌ वाजत होता.

"हार्म, काय वाजतंय रे?"

"गुडघे."

"थंडीचं वाजतात खरं," कॉर्टने गंभीरपणे मान डोलावली.

उब्बो चढला. उपाशी, न्हाऊन, नखं कापून, खिशातला रुमालसुद्धा घरी ठेवून. मग हाइल्के चढली. ती दरवर्षी नियमापुरती चढायची आणि खानावळीत एक बटाटा नि दोन चमचे भाजी खाऊन उठायची.

सगळ्यांच्या गळ्यात दोरीने इवलेसे ग्लास अडकवले गेले आणि मंडळी निघाली. दारूचा हातगाडा नेहमीप्रमाणे उब्बोकडे. तो आलेला, गाडा आलेल्याने ओढायचा, असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. नुसतं त्याच्या हातात दांडी देऊन म्हणायचे, "तुला गाड्यांचं कळतं."

माळ कडक गोठलेला. हेदर करड्या गोधडीसारखं पसरलेलं, मध्येच जुनिपरची उंच झुडपं, खांदे पाडून उभ्या म्हाताऱ्यांसारखी. दर वळणावर थांबून, गाड्यातून आधीच काढून घेतलेल्या बाटल्यांतला एकेक घोट व्हायचा. वळणं नसतील तिथे मंडळी वळणं शोधून काढायची. उब्बो सगळ्यांत मागे, आणि दरवर्षी तो इतका मागे पडायचा की पुढच्यांचं नुसतं हसणं ऐकू यायचं. पण यंदा त्याने गाड्याच्या चाकांना वंगण दिलं होतं. गाडा मांजरासारखा पळत होता. धुक्यात कोणाला कळलंच नाही की उब्बो पाठीला लागून आहे.

पहिल्या जुनिपरपाशी हार्मने इकडेतिकडे पाहिलं, कोटात हात घातला आणि जाडजूड लोखंडी साखळी हळूच झुडपात सोडली. खण्‌. गुडघे वाजायचे थांबले.

उब्बोला वाटलं, पडली असेल. "अरे हार्म, तुझी साख..." असं म्हणेपर्यंत त्याला अल्मूटबाई दिसल्या. बाई वाटेच्या कडेला फुलं बघायला वाकाव्यात तशा वाकल्या. माळावर एकही फूल नव्हतं. त्या उठल्या तेव्हा हेदरमध्ये एक लोखंडी इस्त्री बसली होती, जुनी, कोळशाची. बाई तरुणीसारख्या चालू लागल्या.

मग काय, बघावं तिथे तेच. कोणी गोटा टाकतंय, कोणी घोड्याचा नाल. कॉर्टला तर यंदा गरजच नव्हती, मावळत्या राजाला कोण तोलतंय? तरी सवयीने त्यानेही एक वीट आणलेली. ती त्याने बर्चच्या बुंध्याशी ठेवली आणि वर पाय देऊन बुटाची नाडी बांधली.

उब्बो जागच्या जागी उभा राहिला. निघताना जड, जेवल्यावर हलके! दरवर्षी इतकं हादडूनही निम्मं गाव खानावळीत सकाळपेक्षा हलकं भरायचं, आणि बाई म्हणायच्या, चालण्याने उतरतं. त्याने ते खरं मानून हिवाळाभर विद्यार्थ्यांना चालायचा सल्ला दिला होता.

हाइल्के त्याच्याबरोबर चालत होती.

"पाहिलंस?" तो पुटपुटला. "यांना राजा व्हायचंच नाहीये!"

"कोणाला व्हायचंय? वर्षभर खानावळीशी हुज्जत, सॉसेजवाल्याच्या मागे धावायचं, आणि वर सगळ्यांची बोलणी."

"तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना ठाऊक आहे. उद्या रविवार ना? सगळं गाव माळावर फिरायला येतं की नाही दरवर्षी? कशाला येतं? आपापलं लोखंड न्यायला."

"मला वाटायचं, निसर्गाची ओढ."

"हो. तुला वाटायचं."

"मग बोलली का नाहीस कधी?"

हाइल्केने मफलर नाकापर्यंत ओढला. "तू इतका आनंदाने खायचास, उब्बो. कशाला माती कालवायची?"

मग उब्बोच्या मनात एक मोठी अवघड गोष्ट आली. ज्या गोष्टीपासून सगळं गाव पळतंय, ती मागणाऱ्याला मात्र देत नाहीत. म्हणजे हाड नकोसं आहे ते आहेच. पण त्याहून नकोसा आहे तो उब्बो.

"खरं वजन होऊ दे," तो म्हणाला. "एकदाच. मग बघतो कोणाची काय सबब उरते."

आणि तो मागे वळला. हेदर धुंडाळून इस्त्री, साखळी, वीट, नाल, गोटे, सगळं हातगाड्यात भरलं. वरून घोंगडं टाकलं. गाडा आता मांजरासारखा पळत नव्हता.

*

खानावळीत काचा घामेजल्या होत्या. मंडळींनी बाहेरच्या बोळकांडीत कोट टांगले आणि लांब टेबलांवर हल्ला केला. वाफाळते हंडे आले. उब्बोसमोर डोंगराएवढं ताट आलं. त्याने चार घास मारले, आणि उठला.

"कुठे?" हाइल्के.

"आलोच."

बोळकांडीत कोट ओळीने लटकत होते. कोणाची वस्तू कोणाच्या खिशात, हे तो शिक्षकाच्या इमानाने आठवू लागला. साखळी हार्मची, ती सोपी. गोट्यांचा मात्र घोळ. एकसारखे दिसत होते. शिवाय मध्येच मुतारीकडे जाणारं कोणी यायचं आणि उब्बोला भिंतीवरची शिंगं निरखत उभं राहावं लागायचं.

"सुंदर शिंगं आहेत," तो म्हणायचा.

"पंचवीस वर्षं तिथेच आहेत, उब्बो."

इस्त्री बाईंच्या आतल्या खिशात जाईना. अस्तर फाटेल म्हणून त्याने ती तिरकी केली, उलटी केली, शेवटी त्यांच्या शालीत गुंडाळून बाहीत कोंबली. एवढ्यात बराच वेळ गेला. घाम पुसत तो परत आला, तर त्याच्या ताटाचा तळ दिसत होता.

"माझं जेवण?"

"निवत होतं," हाइल्के म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. "मी म्हटलं, वाया कशाला घालवायचं? आणि पुढच्या वर्षी आपण इथे नसणार, म्हणून माझंही जरा जास्तच घेतलं होतं. भाजी काय झालीय रे! इतकी वर्षं मी दोन चमच्यांवर का उठत होते?"

"हाइल्के! हंड्यात आहे का अजून?"

"होतं."

उब्बोने हंड्यात डोकावलं. डावाने खरवडल्याच्या रेघा होत्या. तेवढ्यात कॉर्टने ग्लासावर चमचा वाजवला.

"मंडळी! काटा तयार आहे. कोट चढवा."

बोळकांडीत एकेक कोट खुंटीवरून निघाला, आणि निघताना एकेक हात खाली झुकला. हार्मने कोट घातला. खण्‌. तो थिजला. बाईंनी बाहीत हात घातला, हात मध्येच अडला. त्यांनी हार्मकडे पाहिलं, हार्मने कॉर्टकडे. कॉर्टने खिसा चाचपला, आतली वीट ओळखली आणि छताकडे बघत राहिला. बोलणार काय? माझ्या खिशात दगड कोणी घातला, असं म्हणायचं, तर तो मुळात कोणाचा हेही सांगावं लागणार. ओलनबॉस्टलमध्ये चोरीपेक्षा तपास वाईट समजतात.

"काय झालं, बाई?" उब्बोने विचारलं. "कोट जड वाटतोय?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा एक हात कोपरातून वाकतच नव्हता. "कॉर्ट, वेळ काय घालवतोस? घे वजनं."

वजनं झाली. पहिल्यांदाच, आजोबांचा काटा आल्यापासून पहिल्यांदाच, खरी. हार्म चांगलाच वाढला होता. बेकरीवाला, कितीही लाजला तरी खाणारच. बाईसुद्धा थोड्या वाढल्या. उब्बो चढला. काटा जेमतेम हलला. चार घासांनी काटा किती हलणार?

"हार्म पुढे आहे!" कोणीतरी ओरडलं. हार्मने कपाळाला हात लावला, आणि या वेळी उब्बोला त्यात विनय दिसला नाही.

"थांबा, हाइल्के राहिली," कॉर्ट म्हणाला.

हाइल्के चढली. कॉर्टने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग बाईंना बोलावलं.

"हाइल्के," बाई म्हणाल्या. "तू काय खाल्लंस?"

"सगळं."

उब्बो श्वास रोखून उभा होता. आता निघणार सबब. चहा निघणार, चिखल निघणार.

"मग आपली हाइल्केच!" हार्म ओरडला, त्याच्या आवाजात सुटका मावत नव्हती. "चर्चच्या गाण्यात पहिल्या रांगेत उभी असते! हाइल्के नाही तर कोण?"

"आपलीच!" कॉर्ट म्हणाला, आणि डुकराचं हाड हाइल्केच्या गळ्यात पडलं.

टाळ्या थांबेनात. उब्बो बाईंजवळ सरकला. "बाई, ती माझ्याच टेम्पोतून आली होती. शेजारच्या सीटवर बसून."

"मग?"

"मग ती आपली कशी, आणि मी आलेला कसा?"

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बाहीतून इस्त्रीची मूठ डोकावत होती. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

"उब्बो, तुला राजा केला असता तर तू काय केलं असतंस?"

"नीट केलं असतं सगळं! वेळेवर निघालो असतो. वाटेवर खुणा. भाजी आधी चाखून..."

"हेच ते," बाई म्हणाल्या. "तू नीट केलं असतंस. मग पुढच्याला नीट करावं लागलं असतं. कॉर्टला तू बोळात उलटी गाडी लावायला किती वर्षं झुलवलंस, आठवतंय? आम्हाला राजा हवाय रे, परीक्षक नको." मग जरा मऊ होऊन म्हणाल्या, "आजची गंमत मात्र बरी केलीस. फार खालच्या दर्जाची होती. अगदी इथल्या माणसासारखी."

हे कौतुक की अपमान, हे उब्बोला कळेना. तो हाइल्केला शोधत बोळकांडीत आला. ती शिंगांखाली उभी राहून फोनवर बोलत होती. गळ्यातलं हाड फोनला लागू नये म्हणून तिने ते पाठीवर टाकलं होतं.

"तोम्मा? हो, झालं... नाही गं, नाही केलं त्याला. मला केलं... हसू नकोस. हो, हाडबिड घातलं... नाही, सामान नाही बांधायचं. अगं पुढच्या वर्षीचं मला बघायला लागणार. या खानावळीवाल्याला भाजीत मीठ किती घालावं हेच कळत नाही, आणि सॉसेज तर मी आपल्या गावाहून मागवणार आहे, बघच तू यांची तोंडं... ते मी ठरवलं. त्याचा शब्द त्याच्यापुरता होता, माझं कुठे काय ठरलं होतं?"

मग ती थांबली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. तिने मान वळवून उब्बोकडे पाहिलं. तो नाक पुसत होता.

"हो, इथेच आहे," ती म्हणाली. "थोडा रडतोय... नाही नाही, वाईट वाटून नाही. उपाशी आहे बिचारा."